आकडसासूची थैली

सरकारला वावराचा मालक समजून त्याच्याशी भाव करणारी बाई अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात एकच झाली, आणि ती नेमकी माझी आकडसासू निघाली. आकडसासू म्हणजे बायकोची मोठी बहीण. सासूच्या पाया पडलं की सासू विरघळते. हिच्या पाया पडलं तर ही वरून विचारते, "वाकता येते म्हणा की अजून! मंग परवा माही पाटी उचलू लागाले काहून नाही वाकले?" मी दात गेलेला, काठी धरून चालणारा म्हातारा आहे. पण तिच्या लेखी मी अजून नवा जवाई, आणि तोही घाईत पसंत केलेला. गावात मला कोणी काका म्हणतं, कोणी आबा म्हणतं. ही मात्र भर बाजारात लांबून हाक मारते, "ओ जवाईबुवाऽ!" आणि सगळा बाजार मान वळवून पाहतो, की हा कोणता जवाई बाप्पा, याच्या डोक्यावर तर एक केस नाही.

तिचं माहेर, म्हणजे माझी सासुरवाडी, बाभुळगावकडचं. नवरा लवकर गेला, पोरबाळ नाही, म्हणून बहिणीच्या आसऱ्यानं आमच्या गावात आली आणि चार घरं सोडून एका खोलीत राहिली. आसरा हा शब्द तिच्यापुढे काढायचा नाही. ती म्हणते, "मी बहिणीवर लक्ष ठेवाले आली. माणूस कसा निघते काय माहीत." जन्मभर तिनं कापूस वेचला, आणि वेचणाऱ्या बायांच्या टोळीची ती मुकादम होती. त्यामुळे जगातली प्रत्येक गोष्ट ती कापसाच्या हिशोबानं पाहते. डागी, किडका कापूस असतो ना, त्याला आम्ही कवडी म्हणतो. तर गावातला अर्धा माणूस तिच्या मते कवडी. "वरून पांढरा दिसते, हातात घेतला का कवडी," हे तिनं एका पुढाऱ्याबद्दल त्याच्या तोंडावर सांगितलं, आणि त्याला वाटलं आपल्या कपड्याची तारीफ झाली. भाव केल्याशिवाय तिनं काही घेतलं नाही. एसटीच्या कंडक्टरशी सुद्धा भाव. "बसाचं भाडं मांगतं, अन् मी तर वडापाशी लोक उतरेपर्यंत उभीच होती. उभ्याचं भाडं सांग." कंडक्टर हात जोडायचा. देवळातही आधी मागणं सांगायची, मग वाकायची. मी एकदा म्हटलं, "बाई, आधी वाकावं, मग मागावं." तर म्हणाली, "आधी वाकलं का भाव पडते, जवाईबुवा. तुमी आधीच वाकता म्हणून तुमचं हे असं हाय."

हे वाकण्याचं तिनं कुठून आणलं ते सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. आमच्याकडे कापसाच्या पहिल्या वेच्याला सीतादही करतात. धुऱ्याजवळ, म्हणजे वावराच्या बांधाजवळ, पाच खडे मांडायचे, हळदकुंकू लावायचं, पळसाच्या पानावर दहीभात ठेवायचा, उकललेल्या बोंडाचा कापूस वर ठेवायचा, चार शितं झाडांवर उडवायची. तिच्या टोळीनं या रीतीला आणखी एक रीत जोडली होती. दहीभात खाऊन झाला की बाया धुऱ्यावर बसून राहायच्या. मालकानं त्या सालचा वेचणीचा भाव तोंडानं सांगायचा, तेव्हाच वेचलेला कापूस टाकायची ओटी कंबरेला बांधायची. मालक म्हणायचा, "मागच्या सालचाच देतो. कापसाले भाव कुठं हाय यंदा?" ही म्हणायची, "कापसाले नाही, पण तेलाले हाय ना, पाटील? आम्ही काय कापूस खाऊन राह्यलो?" मग ती महागावकडचा वेचणीचा भाव सांगायची. महागाव तिनं जन्मात पाहिलेलं नाही, पण तिकडचा भाव तिला कायम ठाऊक असायचा आणि तो नेहमी इकडच्यापेक्षा जास्तच निघायचा. ऊन चढायचं, कापूस झाडावर लोंबायचा, मालक घामाघूम व्हायचा, आणि शेवटी भाव वाढायचा. दरसाल वाढायचा. थोडा वाढायचा, पण वाढायचा. माझी बायको तिच्या शेजारच्या तासाला, म्हणजे ओळीला, असायची. ती घरी येऊन सांगायची आणि पोट धरून हसायची.

मग बाईचे गुडघे गेले, वेचणी सुटली आणि सरकारकडून निराधारचा पगार सुरू झाला. पगारच म्हणतात त्याला. गावात सगळे म्हणतात, आणि म्हणताना कोणी हसत नाही. पहिला पगार आला त्या दिवशी माझ्या बायकोनं वेचणीच्या जुन्या ओटीच्या कापडाची एक थैली शिवून दिली. दोघी बहिणी बाजारात गेल्या. तूरडाळ, गोडेतेलाची बाटली, गूळ, चहापत्ती, तिखट-मीठ, अंगाचा साबण, खोबरेल, आणि सगळ्याच्या वर तंबाखूची पुडी. थैली गळ्यापर्यंत भरली. बाई ती थैली घेऊन मुद्दाम गावाच्या मधल्या रस्त्यानं आली. कोणी विचारलं नाही तरी थांबून सांगत होती, "पगाराचा बाजार हाय हा." मी जन्मात कोणाचा पगार पाहिला नाही, पण पगार झालेल्या माणसाची चाल काय असते ते त्या दिवशी पाहिलं.

पगार पुढे तसाच राहिला. एक साल, दुसरं साल, तिसरं साल. डाळ चढली, तेल चढलं, साबणाची वडी बारीक झाली आणि बारीक होऊन महाग झाली. थैली गळ्यापर्यंत भरेना. ती बाजारातून यायची तर थैली अर्ध्यावर लोंबलेली, आटलेल्या म्हशीच्या कासेसारखी. हे तिला सहन होईना. उपाशी राहणं सहन व्हायचं, पण रिकामी थैली गावानं पाहिलेली चालत नव्हती. मग एक दिवस ती आमच्या ओट्यावर आली आणि बहिणीला म्हणाली, "हे घे. जेवढी रिकामी हाय तेवढी दुमड घाल. सरकार पगार मोठा नाही करत, त आपण थैली लहान करू." बायको सुईदोरा घेऊन बसली. बाईनं लगेच हात धरला. "पक्की टीप नको मारू वं! कच्चेच टाके घाल, लांब लांब. वाढ झाली का उसवाचे हायत ना." म्हणून बायकोनं लाल दोरा घेतला, उसवताना नीट दिसावा म्हणून.

त्या दिवसापासून हेच चाललं. महागाई वाढली की थैलीला एक दुमड. गावातल्या पोरी स्वेटरचे टाके दाखवतात तशी ही बाई थैली उलटी करून दुमडी दाखवायची. "ही तेलाची. ही डाळीची. ही तंबाखूची, हिच्यावर मी लय रडली." खोबरेल थैलीतून कधीच गेलं, मग गूळ गेला. थैली मात्र कायम गळ्यापर्यंत भरलेली. नवख्या माणसाला वाटावं, म्हातारीचं बरं चाललं आहे.

आमच्या शेजारी एक रिटायर मास्तर राहतात. ते सकाळी पेपर मोठ्यानं वाचतात, आणि महागाई भत्त्याची बातमी असली तर जरा आणखी मोठ्यानं. बाईनं एकदा ऐकलं आणि कुंपणापाशी जाऊन उभी राहिली.

"मास्तर, तुमी तेल कुठून आणता?"

"शेटच्याच दुकानातून."

"मीबी तिथूनच आणतो. शेट तुमाले भाव वेगळा सांगते का?"

"नाही, भाव एकच."

"मंग महागाई एकच हाय ना? तुमाले तिचा भत्ता अन् मले तिचा मार, हे कसं?"

मास्तर भला माणूस. त्यानं पेपर घडी करून ठेवला. आता तो ती बातमी मनात वाचतो.

पण मला विचाराल तर मास्तरनं मनात वाचून काय होते? मी चौथी शिकलेला माणूस, मला कायदा समजत नाही. पण तेलाचा भाव समजते. त्या सालांत कापूस बुडाला होता. आमच्या जिल्ह्यात मोटारी फार आल्या, मुंबईच्या, दिल्लीच्या. धूळ उडवत यायच्या आणि हार, फोटो, भाषण करून जायच्या. कापसाच्या भावासाठी आम्ही रस्ते अडवले, मीही गेलतो, आणि ते बरोबरच होतं. पण त्याच रस्त्याच्या कडेनं दुमडलेली थैली घेऊन एक म्हातारी चालली होती. तिचा भाव किती सालांचा तिथंच पडला आहे, हे माईकवरून एकानं म्हटलं नाही. मालकाला कापसाचा भाव मिळाला नाही की त्यानं सगळ्यात आधी कोणाची वेचणी कापली? आणि जिच्यानं वेचणीही होत नाही, तिनं कोणाचा रस्ता अडवायचा? ती रस्त्यात बसली तर लोक हात धरून बाजूला नेतात आणि पाणी पाजतात. दया करतात. भाव करत नाहीत.

बाईनं मात्र भाव करायचं ठरवलं. दिवाळीच्या आधी, वेचणी सुरू व्हायच्या दिवसांत, ती बहिणीला म्हणाली, "दही लाव. उद्या सीतादही हाय." बायकोला वाटलं कोणाच्या तरी वावरात असेल. सकाळी बाई दहीभाताचा डबा, पळसाची पानं आणि पदराच्या गाठीत कापूस घेऊन निघाली ती थेट तालुक्याच्या कचेरीत. बायको मला म्हणाली, "तुमी जा तिच्यासंग. नाही त ती कोणाले तरी मारंन." मी गेलो. मारामारी झाली असती तर बरं झालं असतं, इतकी पुढे लाज वाटली.

कचेरीच्या पायरीवर तिनं पाच खडे मांडले. हळदकुंकू लावलं. पानावर दहीभात, त्यावर कापूस. चार शितं तिनं कचेरीच्या दारावर उडवली, त्यातलं एक शिपायाच्या टोपीवर पडलं.

"ओ आजी, काय करून राह्यल्या?"

"सीतादही."

"इथं?"

"पगार कुठून निघते?"

"इथूनच निघते, पण..."

"मंग वावर हेच झालं. बोलव मालकाले."

तेवढ्यात साहेबाची जीप आली. साहेब तरणा, तिकडचा पुण्याकडचा, नवा आलेला. त्याला सीतादही काय माहीत? त्यानं पायरीवर हळदकुंकू पाहिलं, खडे पाहिले, आणि त्याला वाटलं इथं एखाद्या देवाचं जुनं ठाणं असेल, आपल्याला कोणी सांगितलं नाही. त्यानं बूट काढले आणि हात जोडून डोकं टेकवलं. साहेबानं टेकवलं म्हणून मागच्या कारकुनानं टेकवलं. कारकुनानं टेकवलं म्हणून दाखल्यासाठी आलेल्या बायांनी टेकवलं. एकीनं तर नारळ आणायला पोर पिटाळलं. मी काठीवर डोकं ठेवून खाली पाहत होतो.

बाई म्हणाली, "हात नका जोडू, साहेब. भाव सांगा."

साहेबाला समजावून सांगायला मलाच पुढे व्हावं लागलं. मी सांगितलं, हे असं असं आहे, हिला निराधारच्या पगाराचा यंदाचा भाव पाहिजे. साहेब हसला नाही, हे मी त्याच्या बाजूनं सांगतो. तो पायरीवरच बसला, अनवाणी. म्हणाला, "आजी, हा दर माझ्या हातात नाही. वर ठरतो. सरकार ठरवतं."

"मालक वर राह्यते?"

"मालक असा कोणी एक नाही, आजी."

"बिनमालकाचं वावर हाय म्हणा. म्हणून ढोरं चरून राह्यली." ती कचेरीकडे पाहून म्हणाली. कारकून आत गेला. "बरं, तुमचा भत्ता कोण वाढवते?"

साहेब खरं बोलला. "तो महागाईप्रमाणे आपोआप वाढतो."

 बाई माझ्याकडे वळून म्हणाली, "ऐकलं का, जवाईबुवा? साहेबायचा भत्ता आपोआप वाढते अन् आपला पगार मांगूनबी नाही वाढत." मग तिनं थैली उलटी करून साहेबाच्या मांडीवर ठेवली आणि एकेक दुमड दाखवली. साहेबानं लाल टाक्यांवरून बोट फिरवलं. "मी वर कळवतो," म्हणाला. दहीभात खाल्ला, दह्याची तारीफ केली. बाई म्हणाली, "माह्या बहिणीनं लावलं. अन् वर कळवा का बाया अजून धुऱ्यावरच बसल्या हायत. भाव निघेपर्यंत वाकणार नाहीत."

आणि ती खरंच वाकली नाही. तिनं पगार उचलणं बंद केलं. भाव ठरल्याशिवाय ओटी बांधायची नाही, तसं. माझं डोकं फिरलं. मी ओरडलो, "बाई, कापूस लोंबला त मालकाचं नुकसान होते, म्हणून मालक वाकते. तुमी पगार नाही उचलला त सरकारचं काय लोंबते? त्यायचा पैसाच वाचते!" ती म्हणाली, "तुमी गप राहा. तुमी कधी टोळी चालवली नाही." माझी बायको दोन्ही वेळा तिला भाकर नेऊन द्यायची. शेवटी शिपायानं निरोप धाडला की आजी, असंच राहिलं तर नाव कटेल. तेव्हा बायकोनं तिला हाताला धरून पगार उचलायला नेलं. येताना बाई मधल्या रस्त्यानं आली नाही, मागच्या पांदणीनं, वावरांमधल्या वाटेनं आली. त्या दिवशी पहिल्यांदा मला तिच्या तोंडाकडे पाहवलं नाही. आणि राग मला तिचा आला नाही. ज्यांचं काहीच लोंबत नाही त्यांचा आला. तो अजून गेला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात माझ्या बायकोनं खाट धरली. यवतमाळच्या दवाखान्यातून घरी आणली तेव्हा हातपाय बारीक झाले होते. बाई दिवसभर पायथ्याशी बसायची आणि मला शिव्या द्यायची. पाणी उशिरा दिलं म्हणून, लवकर दिलं म्हणून. तेव्हाच डाळ पुन्हा चढली. बाई लपूनछपून अर्धी थैली घेऊन यायची, पण बायकोच्या नजरेतून ते सुटलं नाही. तिनं खूण करून थैली मागितली. बाई म्हणाली, "राहू दे वं, आता कायची दुमड." बायकोनं ऐकलं नाही. मी सुईत लाल दोरा ओवून दिला. पडल्या पडल्या तिनं टाके घातले. वाकडेतिकडे, एक इकडे, एक तिकडे. तोंडाशी थैली थोडी तिरपीच झाली. ती तिची शेवटची शिवण.

बायको गेली. त्याबद्दल मला लिहिता येत नाही. तेच लिहायला बसलो होतो, तर हे आकडसासूचं निघालं.

आणि मग, ती गेल्यावर, वाढ झाली. मास्तरनं पेपर मोठ्यानं वाचला, मुद्दाम आमच्या कुंपणाकडे तोंड करून. निराधारचा पगार वाढला. इतकी सालं दुमडी घालून घेतल्यावर वाढला. मी ओट्यावर उभा राहून इतकं बोललो की मास्तरनं पेपर खाली ठेवला. लोकांना वाटलं आनंदानं बोलतो आहे. अरे, ज्या हातानं उसवायचं ठरलं होतं तो हात जाईपर्यंत थांबले होते का तुम्ही? मागचं काही भरून देणार? जुन्या दुमडीतली डाळ देणार? खोबरेलाविना भुरकट झालेले बाईचे केस परत देणार?

नव्या पगाराच्या बाजाराला मी बाईसोबत गेलो. शेटच्या दुकानात थैली भरली, तरी गूळ आणि तंबाखू बाहेर राहिली. मी खिशातून पातं काढलं. म्हटलं, "आणा इकडे. एक दुमड उसवतो."

तिनं थैली छातीशी धरली. "हात नका लावू."

"वाढ झाली ना, बाई? उसवाचेच टाके होते ना ते?"

"होते," ती म्हणाली. "तिनं उसवाचे होते."

शेट वजन करता करता थांबला. बाईनं पदर पुढे घेतला, वेचणीची ओटी बांधायची तशी कंबरेला बांधला, त्यात गूळ आणि तंबाखू टाकली आणि निघाली. मधल्या रस्त्यानं. पुढे थैली, पोटाशी ओटी. गावातल्या दोन म्हाताऱ्या दारात येऊन पाहत होत्या. कोणी काही विचारलं नाही आणि तिनंही थांबून काही सांगितलं नाही.

ती वाढ उन्हाळ्यापर्यंत पुरली. आधी ओटीतली तंबाखू गेली, मग गूळ गेला. आता पदर मोकळा असतो. थैली भरलेली असते. पगार पुन्हा त्याच जागी बसला आहे, आणि तेल काही बसलेलं नाही.

परवा बाई दारात उभी राहिली. म्हणाली, "जवाईबुवा, दही लावा. उद्या सीतादही हाय." मी म्हटलं, मला कुठं लावता येते? ती म्हणाली, "पाहत त जन्मभर होता ना?" रात्री दूध कोमट केलं, विरजण घातलं, बायको गुंडाळायची तसं फडक्यात गुंडाळून चुलीच्या कडेला ठेवलं. सकाळी आम्ही दोघं कचेरीच्या पायरीवर. तो साहेब बदलून गेला, आता दुसरा आहे, तो अजून यायचा होता. बाईनं खडे मांडले, शितं उडवली. शिपाई या वेळी स्वतःच टोपी काढून बाजूला झाला. मग तिनं एक घास मला दिला आणि एक आपण घेतला.

दही आंबट झालं होतं. तिनं तोंड वाकडं केलं.

"तिचं असं नव्हतं."

"नव्हतंच," मी म्हटलं.

"खा गुमान. अन् बसा खाली. भाव निघेपर्यंत उठाचं नाही."

मी काठी बाजूला ठेवली आणि तिच्या शेजारी पायरीवर बसलो, जिथं टोळीत माझी बायको बसायची त्या बाजूला. थैली तिच्या मांडीवर होती. तिचं बोट त्या तिरप्या, शेवटच्या दुमडीवरून फिरत होतं, टाका सुटला नाही ना ते पाहत. फाटकाकडून जीपचा आवाज आला. बाईनं पदर सावरला आणि मला कोपरानं ढोसलं.

"ताठ बसा, जवाईबुवा."